बरे वाटणे आणि बरे होणे



आपल्या भाषेत आजाऱ्याची विचारपूस करताना आपण विचारतो, "आता कसे वाटते?" आणि आजारी उत्तर देतो, "जरा बरे वाटते." दुखणे सरले की तोच माणूस म्हणतो, "बरा झालो." वाटणे आणि होणे ही दोन निराळी क्रियापदे आपल्या आयाबहिणींनी रोजच्या बोलण्यात जपून ठेवली आहेत. एरवी या दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालतात, म्हणून त्यांच्यातील भेद आपल्या ध्यानात येत नाही. परंतु कधी कधी त्यांची फारकत होते. माणसाला बरे वाटत असते आणि रोग मात्र आत शांतपणे आपले काम करीत राहतो. ही फारकत ओळखायची कशी, हा आजच्या विषयाचा गाभा आहे. ती ओळखण्याचे वैद्यकाला सापडलेले साधन मोठे गमतीचे आहे, कारण त्यात औषध मुळीच नसते. त्याला 'प्लासिबो' म्हणतात. आपण त्याला लुटुपुटूची गोळी म्हणू.

आरंभीच सांगितले पाहिजे, की आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले, आणि जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतील बाकावर आणि सार्वजनिक वाचनालयात. मग या विषयात आम्ही का शिरलो? दोन कारणांनी. कष्टकऱ्याच्या पगारातील मोठा वाटा औषधाच्या दुकानात जातो. तेव्हा त्या पुडीत काय आहे आणि ते गुणकारी आहे हे कोणी, कसे ठरविले, हे विचारण्याचा त्याला हक्क आहे. दुसरे असे, की औषधांची चाचणी शेवटी माणसांवरच घ्यावी लागते, आणि त्या माणसांत गरजू माणसे पुष्कळ असतात. ज्या व्यवहारात आपली माणसे आहेत, तो व्यवहार आपल्याला समजला पाहिजे.

लाकडाच्या कांड्या

'प्लासिबो' हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ 'मी संतोष देईन' असा. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज डॉक्टर हा शब्द ज्या औषधाने रोग जाण्यापेक्षा रोग्याचे समाधान व्हावे अशा औषधाला लावू लागले. ज्या गोळीत साखर किंवा पिठूळ भुकटी आहे, ज्या सुईत नुसते मिठाचे पाणी आहे, ती ही लुटुपुटूची औषधे.

त्याच काळातील एक हकिगत ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत एलिशा पर्किन्स नावाच्या डॉक्टरने धातूच्या दोन टोकदार कांड्या काढल्या. त्या दुखऱ्या अंगावरून ओढल्या म्हणजे संधिवात जातो, कळ थांबते, असा त्याचा दावा होता. 1796 साली त्याने त्यांचे पेटंट घेतले. पुढे त्याच्या मुलाने त्या लंडनला नेऊन पाच गिनींना एक जोडी या भावाने विकल्या. गुण आल्याच्या साक्षी लोकांनी आपल्या सहीनिशी दिल्या, आणि त्यांत चांगली शिकलेली माणसेही होती. इंग्लंडातील बाथ या गावी जॉन हेगार्थ नावाचे डॉक्टर होते. त्यांनी 1799 च्या जानेवारीत तशाच दिसणाऱ्या कांड्या लाकडाच्या करविल्या, त्यांना धातूसारखा रंग दिला आणि पाच रोग्यांच्या अंगावरून त्या गंभीरपणे ओढल्या. पाचांपैकी चौघांना आराम वाटला. दुसऱ्या दिवशी खऱ्या कांड्या ओढल्या, तेव्हाही तसाच आराम वाटला!

हेगार्थ यांनी रोग्यांना खोटे ठरविले नाही, हे येथे लक्षात घ्यावे. त्यांचे दुखणे खरे होते आणि आरामही खरा होता. हेगार्थ यांनी एवढेच दाखवून दिले, की आरामाचे श्रेय धातूकडे जात नाही. हा विवेक फार महत्त्वाचा आहे. रोग्याला खोटे न ठरवता औषधाचा दावा तपासायचा, ही ती रीत होय.

ताजव्याचा पासंग

औषध नसताना गुण कसा येतो? याची कारणे एक नव्हे, अनेक आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे पुष्कळ घोटाळा होतो.

पहिले कारण म्हणजे बहुतेक दुखणी आपापल्या चालीने बरी होतात. पडसे आठवड्याभरात जाते, मग तुम्ही काढा घ्या, गोळी घ्या की काहीच घेऊ नका. पण ज्याने काढा घेतला तो काढ्याचे नाव घेतो.

दुसरे कारण असे, की माणूस डॉक्टरकडे जातो केव्हा? दुखणे टिपेला पोहोचते तेव्हा. कामगार तर खाडा नको म्हणून अगदी असह्य होईपर्यंत दुखणे अंगावर काढतो. जुनाट पाठदुखी, डोकेदुखी, सांधेदुखी यांचा स्वभाव चढण्या-उतरण्याचा असतो. चढाच्या टोकाला जो दवाखान्यात गेला, त्याला नंतर उतारच भेटायचा. त्या उताराचे श्रेय त्या दिवशी हाती पडलेल्या औषधाला मिळते.

तिसरे कारण भिडेचे. ज्या डॉक्टरने आस्थेने तपासले, त्याने "कसे काय?" म्हणून विचारल्यावर "काही फरक नाही" असे तोंडावर सांगणे आपल्याकडे कोणाला जमते?

या तिन्ही कारणांत लुटुपुटूच्या गोळीची स्वतःची करामत काहीच नाही. किराणा दुकानदार माल तोलण्यापूर्वी रिकामा ताजवा उचलून पाहतो. एक पारडे मुळातच झुकत असेल, तर दुसऱ्या बाजूस पासंग बांधून ते समतोल करतो. रोगाच्या ताजव्याचे पारडे असेच मुळात 'बरे वाटण्या'कडे झुकलेले असते. त्यात औषध टाकण्यापूर्वी हा झुकाव किती ते कळले पाहिजे. लुटुपुटूची गोळी हा तो पासंग आहे.

हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञाने 1955 साली 15 अभ्यासांतील हजारावर रोग्यांचा हिशेब एकत्र करून लिहिले, की सुमारे 35 टक्के रोग्यांना लुटुपुटूच्या औषधाने समाधानकारक आराम पडतो. हा आकडा पुढे जगभर सांगितला गेला. पण त्यात आपोआप येणारा उतार आणि गोळीचा परिणाम ही दोन्ही खाती एकाच वहीत मांडलेली होती. डेन्मार्कमधील दोन संशोधकांनी 2001 साली 114 चाचण्या पाहिल्या. या चाचण्यांत काही रोग्यांना लुटुपुटूचे औषध दिले होते आणि काहींना काहीच दिले नव्हते. दोहोंची तुलना केली तेव्हा यंत्राने मोजता येणाऱ्या गोष्टींत लक्षणीय फरक आढळला नाही. रोग्याने स्वतः सांगायच्या गोष्टींत, विशेषतः वेदनेत, थोडा फरक आढळला. म्हणजे लुटुपुटूच्या गोळीची खरी कमाई जेवढी गाजते त्यापेक्षा बरीच कमी आहे. पण ती शून्यही नाही.

भोंग्याची गोष्ट

ही जी थोडी कमाई उरते ती कोठून येते? गिरणगावात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना आम्ही एक प्रश्न विचारतो. जेवणाच्या सुटीचा भोंगा झाला की तोंडाला पाणी सुटत होते की नाही? भोंग्यात भाकरी नव्हती. पण वर्षानुवर्षे भोंग्यामागून भाकरी आली, म्हणून शरीर भोंग्यालाच ओळखू लागले. औषधाचेही तसेच आहे. गोळी गिळली, सुई टोचली, की मागून आराम येतो, हे शरीर शिकलेले असते. मग नुसत्या सुईनेही ते आपल्या परीने तयारीला लागते.

ही तयारी केवळ मनाची समजूत नव्हे, याचा पुरावा अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स या संशोधकांनी 1978 साली मिळविला. अक्कलदाढ काढलेल्या रोग्यांवर त्यांनी हा प्रयोग केला. आपल्या शरीरात अफूच्या जातीची वेदनाशामक द्रव्ये तयार होतात. नॅलॉक्सोन नावाचे एक औषध अफूचा परिणाम रोखते. लुटुपुटूच्या औषधाने ज्यांची कळ कमी झाली होती, त्यांना नॅलॉक्सोन टोचले तेव्हा त्यांची कळ पुन्हा वाढली. अर्थ उघड आहे. आराम पडेल या भरवशाने शरीराने स्वतःची अफू सोडली होती. कंपवाताच्या रोग्यांत लुटुपुटूच्या सुईने मेंदूतील डोपामीन हे द्रव्य स्रवते, असे कॅनडातील शास्त्रज्ञांनी 2001 साली दाखविले.

इटलीतील तूरिनो येथील फाब्रिझिओ बेनेदेत्ती यांनी प्रश्न उलटा करून पाहिला. शस्त्रक्रियेनंतर रोग्यांना खरेच वेदनाशामक द्यायचे, पण काहींना डॉक्टरने समोर उभे राहून, सांगून द्यायचे, आणि काहींना न कळवता यंत्राने नळीतून सोडायचे. औषध तेच, मात्रा तीच. पण ज्यांना कळले नाही त्यांना आराम कमी पडला. आजाऱ्याशी दोन शब्द बोलणारा डॉक्टर औषधात भर घालतो, हे आपल्या आजीला ठाऊक होते. आता ते मोजून सिद्ध झाले आहे. म्हणून जेथे एका डॉक्टरपुढे दोनशे रोग्यांची रांग असते, तेथे रोग्याच्या वाट्याची औषधाची मात्राच कापली जाते, असे आम्ही म्हणतो.

भरवसा जसा तारतो तशी भीती मारते. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्या त्रास होतो म्हणून सोडून दिलेल्या 60 रोग्यांना लंडनमध्ये काही महिने खरी गोळी, काही महिने लुटुपुटूची आणि काही महिने काहीच नाही, असे देऊन पाहिले. 2020 साली निकाल आला. खऱ्या गोळीने जो त्रास झाला, त्यातला सुमारे 90 टक्के लुटुपुटूच्या गोळीनेही झाला होता. त्रास खराच होता. पण तो गोळीतील द्रव्याचा नव्हता, गोळी घेतल्याच्या धास्तीचा होता.

श्वासाचा हिशेब

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. वाटणे आणि होणे यांची फारकत ज्या प्रयोगात सर्वांत स्वच्छ दिसते, तो दम्याचा आहे.

अमेरिकेत बॉस्टन येथे हा प्रयोग झाला आणि 2011 साली प्रसिद्ध झाला. शेवटपर्यंत टिकलेल्या 39 दमेकऱ्यांना आळीपाळीने चार गोष्टी दिल्या: साल्ब्युटामॉल हे खरे औषध असलेला फवारा, औषध नसलेला फवारा, सुया टोचण्याचा लटका उपचार, आणि काहीच नाही. प्रत्येक वेळी दोन गोष्टी विचारल्या. रोग्याला विचारले, किती बरे वाटते? आणि यंत्राला विचारले, एका सेकंदात छातीतून किती हवा बाहेर पडते?

रोग्यांचे उत्तर असे आले: खऱ्या फवाऱ्याने 50 टक्के सुधारणा, औषध नसलेल्या फवाऱ्याने 45, लटक्या सुयांनी 46 आणि काहीच न करता 21. खऱ्या आणि लुटुपुटूच्या उपचारांत रोग्याला जवळजवळ फरकच कळला नाही. यंत्राचे उत्तर मात्र निराळे होते. खऱ्या फवाऱ्याने हवा 20 टक्क्यांनी वाढली. उरलेल्या तिन्हींनी, 'काहीच नाही' धरून, सुमारे 7 टक्क्यांनी. म्हणजे औषध नसलेल्या फवाऱ्याने माणसाला दम मोकळा झाल्यासारखा वाटला, पण श्वासनलिका आवळलेल्याच राहिल्या!

आमच्या दृष्टीने या आकड्यांत जीव अडकलेला आहे. कापसाच्या गिरणीत कार्डिंग खात्यात तूस श्वासावाटे छातीत जाते. सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, पुढे आठवड्यात ती सैल होते, आणि वर्षे लोटली की मग सैल होईनाशी होते. अशा माणसाला एखाद्या मिश्रणाने 'बरे वाटले' म्हणून तो त्याच खात्यात, त्याच धुळीत परत उभा राहिला तर? त्याला आराम देणारी बाटली त्याच्या नाशाची भागीदार होते. कामगार वस्तीतल्या दवाखान्यांतून सर्दीला, तापाला आणि दम्याला एकाच बरणीतले रंगीत पाणी मिळताना आम्ही पाहिले आहे. पिणाऱ्याचे समाधान होई; धूळ कमी करण्याचा खर्च मात्र कोणाला करावा लागत नसे. वेदना हलकी करणे हे पुण्याचेच काम आहे. पण त्या आरामाला बरे होणे म्हणू लागले, की तेथे फसवणूक सुरू होते.

चिठ्ठी, बाटली आणि गुपित

मग खरे औषध ओळखायचे कसे? दोन सारखे गट करायचे, एकाला औषध आणि एकाला लुटुपुटूचे औषध द्यायचे, आणि फरक मोजायचा. सांगायला सोपे, परंतु ही रीत बसायला फार काळ लागला.

मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी येथेच लस तयार केली, 10 जानेवारी 1897 रोजी ती स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात राजी झालेल्या कैद्यांना टोचली. ज्यांनी टोचून घेतली त्यांच्यात प्लेग कमी आढळला. लस उपयोगी होती. पण हुज्जत घालणारा विचारू शकत होता, की जे आपण होऊन पुढे आले ते मुळातच निराळे नसतील कशावरून?

ही शंका पोकळ नाही, हे अमेरिकेतील 1954 सालच्या पोलिओ लशीच्या चाचणीने दाखवून दिले. जोनास सॉल्क यांची लस सुमारे दोन लाख मुलांना टोचली आणि तितक्याच मुलांना मिठाचे पाणी टोचले. कोणाला काय टोचले हे मुलाला, पालकाला, तपासणाऱ्या डॉक्टरला ठाऊक नव्हते. दर लाख मुलांमागे पोलिओ झाला तो लस मिळालेल्यांत 28 जणांना आणि पाणी मिळालेल्यांत 71 जणांना. आणि ज्यांच्या पालकांनी संमतीच दिली नाही त्यांच्यात? 46 जणांना! त्यांना लस नव्हती, तरी रोग कमी कसा? संमती देणारी कुटुंबे अधिक सुस्थितीतील होती. गरीब वस्तीतील मुलांना अगदी तान्हेपणी, आईकडून आलेली ताकद अंगात असतानाच, पोलिओचा सौम्य संसर्ग होऊन जाई. स्वच्छ घरातील मुले त्याला उशिरा आणि उघडी सापडत. लस घेतलेल्यांची तुलना न घेतलेल्यांशी केली असती, तर 28 विरुद्ध 46 असा हिशेब निघाला असता आणि लशीचा अर्धा गुण झाकला गेला असता. सारख्याशी सारख्याची तुलना झाली म्हणून सत्य बाहेर आले.

सारखे गट पाडण्याचा उपाय आपल्या परिचयाचा आहे. मुंबईत गिरणी कामगारांना घरे वाटायची तेव्हा सोडत निघते, कारण मागणारे पुष्कळ आणि घरे थोडी. आणि कोणी निवडू लागला की वशिला आलाच. औषधाच्या चाचणीतही डॉक्टरच्या हाती निवड दिली तर तो नकळत बऱ्या प्रकृतीच्या रोग्याला नवे औषध देईल. म्हणून चिठ्ठी टाकायची. ब्रिटनमध्ये ही रीत ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी रूढ केली. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते. पहिल्या महायुद्धात त्यांना क्षय झाला, अंथरुणात पडल्या पडल्या त्यांनी टपालाने अर्थशास्त्राची पदवी मिळविली, आणि 1930 साली लँकेशायरच्या सूतगिरण्यांतील कार्डिंग खात्याच्या कामगारांच्या आजारांवर अहवाल लिहिला. आमच्यासारख्या शाळेबाहेर शिकलेल्याला या माणसाविषयी आपुलकी वाटते, हे आम्ही लपवीत नाही.

क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची त्यांची चाचणी 1948 साली प्रसिद्ध झाली. औषध इतके थोडे होते, की सर्वांना पुरणारच नव्हते. तेव्हा सोडत हाच न्याय होता. औषध मिळालेल्या 55 रोग्यांपैकी सहा महिन्यांत 4 दगावले, आणि नुसती विश्रांती मिळालेल्या 52 पैकी 14. या चाचणीत लुटुपुटूची सुई दिली नव्हती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. क्षयाने खंगलेल्या माणसाला दिवसातून अनेकदा, महिनोन्‌महिने मिठाचे पाणी टोचणे क्रूरपणाचे झाले असते. त्याऐवजी छातीची छायाचित्रे वाचणाऱ्या तज्ज्ञांना कोणते चित्र कोणत्या गटाचे हे सांगितले नाही. गुपित रोग्यापासून राखता आले नाही तर मोजणाऱ्यापासून तरी राखावे, हा त्यातला धडा.

पडशावरील पॅट्युलिनची हकिगत याहूनही बोधप्रद आहे. पेनिसिलिनसारखेच बुरशीतून निघालेले हे द्रव्य. ब्रिटिश आरमारातील एका प्रयोगात निम्म्याहून अधिक जणांचे पडसे दोन दिवसांत गेले आणि औषध न मिळालेल्यांत दहातल्या एकाचेच गेले, अशी वार्ता आली. युद्धकाळ होता, पडशाने कारखान्यांतील कामाचे दिवस बुडत होते, देश आनंदला. मग 1943-44 च्या हिवाळ्यात कारखान्यांतील आणि कचेऱ्यांतील हजारावर कामगारांवर रीतसर चाचणी झाली. कोणत्या बाटलीत औषध आणि कोणत्या बाटलीत नुसते पाणीवजा द्रव, हे ना घेणाऱ्याला ठाऊक होते, ना देणाऱ्याला. निकाल असा, की दोन्ही गटांचे पडसे सारख्याच चालीने गेले. आज पॅट्युलिन सफरचंदाच्या रसात उतरलेले नाही ना, हे तपासतात. कारण ते विषारी ठरले आहे. त्या साध्या कामगारांच्या नाकपुड्यांनी एका मोठ्या भ्रमातून देशाला सोडविले.

पासंग नसता तर कोणते अनर्थ होतात, याचा सर्वांत भयानक दाखला हृदयाच्या औषधांचा आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांच्या हृदयाचे ठोके मध्येच चुकतात, आणि असे ठोके चुकणाऱ्यांना मृत्यू अधिक येतो. तेव्हा चुकणारे ठोके थांबविले की मृत्यू थांबेल, असे सर्वांना वाटे. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे ठोके उत्तम थांबवीत. अमेरिकेत डॉक्टर ती सर्रास लिहून देत. अशा औषधांविरुद्ध लुटुपुटूची गोळी देऊन चाचणी करणे म्हणजे रोग्याला वाऱ्यावर सोडणे, असे म्हणणारेही होते. तरी चाचणी झाली. 1989 साली ती मध्येच थांबवावी लागली. औषध घेणाऱ्या 755 जणांपैकी 63 मेले होते. लुटुपुटूची गोळी घेणाऱ्या 743 पैकी 26. ठोके सुधारले होते आणि माणसे मरत होती. येथे रोग्याचे वाटणेच नव्हे, यंत्राची आलेखपट्टीही फसली. शेवटी जिवंत माणसे मोजावी लागली, आणि ती मोजता आली ती लुटुपुटूची गोळी घेणाऱ्यांमुळे.

गोळी गिळणाऱ्याचा हक्क

तेव्हा चाचणीत साखरेची गोळी गिळणारा माणूस साक्षीदार असतो. त्याच्या साक्षीवाचून सत्य उभे राहत नाही. पण साक्षीदाराला साक्ष कशासाठी देतो आहोत हे ठाऊक असले पाहिजे. ते त्याला न सांगण्याचा इतिहासही मोठा आहे.

अमेरिकेत अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे 1932 पासून सरकारी आरोग्य खात्याने उपदंश झालेल्या सुमारे 400 काळ्या माणसांना नुसते निरीक्षणाखाली ठेवले. ती बहुतेक वाट्याने शेती कसणारी गरीब माणसे. त्यांना 'तुमचे रक्त बिघडले आहे' एवढेच सांगितले आणि ॲस्पिरिन, टॉनिक असले काही तरी उपचार म्हणून दिले. पेनिसिलिन हा रामबाण उपाय सर्वत्र मिळू लागल्यावरही त्यांना तो मिळू दिला नाही. 1972 साली वर्तमानपत्रांनी ही गोष्ट चव्हाट्यावर आणली तेव्हा तो प्रकार थांबला. येथे लुटुपुटूचे औषध सत्य शोधण्यासाठी नव्हते, सत्य लपविण्यासाठी होते. ज्या बीचर यांनी 35 टक्क्यांचा आकडा दिला, त्यांनीच 1966 साली रोग्यांच्या नकळत त्यांच्यावर केलेल्या प्रयोगांची 22 उदाहरणे प्रसिद्ध करून आपल्या व्यवसायबंधूंना जाब विचारला होता.

जगातील डॉक्टरांच्या संघटनेने 1964 साली फिनलंडमध्ये हेलसिंकी येथे माणसांवरील संशोधनाचे नियम केले. त्यांच्या पुढील आवृत्त्यांनी लुटुपुटूच्या औषधालाही मर्यादा घातली. सिद्ध झालेला उपाय हाताशी असेल तर नवे औषध त्या उपायाशी ताडून पाहावे. लुटुपुटूची गोळी एरवी टाळावी, आणि शास्त्रीय कारणाने वापरणे भागच पडले, तरी तिच्यापायी रोग्याला गंभीर किंवा कायमची इजा होण्याचा धोका असता कामा नये. भारतात 2019 साली औषध-चाचण्यांचे नवे नियम आले. त्यांत नैतिक समितीत किमान सात सदस्य असावेत आणि त्यांत एक सामान्य नागरिक व एक स्त्री असावी, असे आहे. अगदी नव्या द्रव्याची चाचणी दुबळ्या परिस्थितीतील माणसावर होत असेल, तर त्याची संमती ध्वनिचित्रफितीवर घ्यावी लागते. आणि आमच्या मते सर्वांत मोलाची तरतूद ही: ठरलेला उपचार उपलब्ध असताना तो न देता लुटुपुटूचे औषध दिल्याने इजा झाली, तर ती भरपाईस पात्र ठरते. कामावर हात गेला तर भरपाई, हे तत्त्व कामगारांनी झगडून मिळविले. तेच तत्त्व येथे चाचणीतील रोग्याला लागू झाले आहे. मात्र कायद्याच्या पुस्तकातील कलम कोणी मागितल्याशिवाय चालू लागत नाही, हे चळवळीतील माणसाला निराळे सांगायला नको.

कोणी विचारील, की मग रोजच्या दवाखान्यात डॉक्टरने गोड थाप मारून साखरेची गोळी द्यावी काय? बॉस्टनमध्येच 2010 साली पोटाच्या जुनाट विकाराच्या 80 रोग्यांवर एक प्रयोग झाला. त्यांतील निम्म्यांना "या गोळीत औषध नाही" असे स्वच्छ सांगून ती दिली. 21 दिवसांनी त्यांतील 59 टक्क्यांनी पुरेसा आराम सांगितला. गोळी न दिलेल्यांत 35 टक्क्यांनी. हे पुन्हा 'वाटणे'च आहे. परंतु त्यासाठीदेखील थाप लागत नाही, वेळ आणि आस्था लागते, एवढे त्यावरून दिसते.

तेव्हा उद्या कोणी नवे औषध, नवे यंत्र, नवी जडीबुटी घेऊन दारी आला आणि गुण आलेल्यांची यादी वाचू लागला, तर त्याला चार प्रश्न विचारावेत. औषध न घेतलेल्यांचे काय झाले? दोन गट कोणी पाडले, चिठ्ठीने की मर्जीने? मोजणाऱ्याला कोणाला काय दिले हे ठाऊक होते काय? आणि मोजले ते काय: वाटणे, की होणे? हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. आणि एखाद्या चाचणीत सही करण्याची वेळ आपल्यावर आली, तर पाचवा प्रश्न विचारावा: माझ्या वाट्याला रिकामी गोळी आली, तर माझा चालू उपचार सुटणार तर नाही ना? याचे उत्तर लेखी आणि आपल्या भाषेत मिळेपर्यंत सही करू नये.